आप्पांची हाळी

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

रेल्वे क्वार्टर्स, होटगी
ता. ८ जानेवारी २०२५

तीर्थरूप मथुराअक्कास,
जोतिरामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून तुला नवल वाटेल. घरात तीन मोबाईल असताना जोत्याला टपालाचं पाकीट कशाला लागलं, असं म्हणशील. पण डॉक्टरांनी मला तीन आठवडे तोंड उघडायची बंदी केली आहे, कुजबुजायचंसुद्धा नाही. आणि तुला गेल्या सहा वर्षांत फोनमधलं अक्षर ऐकू आलेलं नाही. मुका भाऊ आणि बहिरी बहीण, फोन घेऊन काय त्याची पूजा करायची? तू अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं लिहिलीस, मी सातवीपर्यंत शुद्धलेखनासाठी छड्या खाल्ल्या. त्याचं आता तरी चीज होऊ दे.

ऑपरेशन नीट झालं. घशातली गाठ काढून तपासायला पाठवली आहे, शुक्रवारी कळेल. पूनम लहान लेकरासारखं जपते. जावई श्रीमंतराव ड्युटीवरून आले की आधी माझा घसा बॅटरी लावून बघतात, जणू रुळाचा सांधाच तपासतायत. त्यांनी मला पाटी आणून दिली आहे. भूक लागली की लिहायचं, पोट भरलं की पुसायचं.

तू मोडनिंबचं घर सुनेवर टाकून माझ्या घराच्या राखणीला राहिलीस, हे मी विसरणार नाही. राखण घराची कमी आणि हौशीची जास्त, हे तुलाही ठाऊक आहे. पोटचा पोरगा अजिंक्य चाकणहून चार दिवस आला, तर घोडी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिला पाणी पाजताना आधी बादलीत हात बुडवून दाखव, त्याशिवाय ती तोंड लावत नाही. कडबा बारीक करून दे. अठरा वर्षांची झाली, दाढा झिजल्या आहेत. संध्याकाळी मोकळी मात्र सोडू नकोस. ओढ्याकडे गेली तर आप्पांच्या हाळीशिवाय परत येत नाही, आणि ती हाळी आता माझ्याशिवाय कुणाला येत नाही.

ती कशी आहे ते खरं खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून गोड लिहू नकोस.

कळावे. माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तरी चालेल.

तुझा धाकटा,
जोतिराम

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

हिंगणमाळ
ता. १५ जानेवारी २०२५

चि. जोतिरामास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल संक्रांत झाली. पाकिटात थोडे तीळ घातले आहेत, ते घे. गोड बोल म्हणायची मात्र यंदा सोय नाही. गोड लिही.

गाठ साधी निघाली, हे शेजारच्या चिमाबाईच्या मोबाईलवर पूनमनं कळवलं. चिमाबाईनं माझ्या कानात ओरडून सांगितलं, तेव्हा अर्ध्या गावाला कळलं. मी आधी देवासमोर जाऊन बसले, मग रडले, मग चहा केला. भरल्या घरात रडायला लाज वाटते, इथं कोण होतं बघायला? घोडी होती.

खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते. तू गेल्यापासून तीन दिवस हौशीनं कडब्याला तोंड लावलं नाही. बादलीत हात बुडवला, कोपरापर्यंत बुडवला. ती माझ्याकडे बघायची आणि मान वळवून फाटकाकडे बघायची. चौथ्या दिवशी मला सुचलं. तुझी जुनी काळी घोंगडी खुंटीवर होती. ती अंगावर घेतली, डोक्यावरून घोंगता केला आणि तुझ्यासारखी पाय ओढत गेले. तिनं घोंगडी हुंगली आणि मुकाट खाल्लं. फसली असं मला वाटत नाही. म्हातारी एवढं सोंग करते तर खावं बापडीनं, असा विचार केला असणार. आता रोज दोन वेळा मी जोतिराम होते. चिमाबाई म्हणते, अक्का, तुमी भावापरीस बऱ्या दिसताय की.

ती खाताना मी दावणीपाशीच बसते आणि जुनं आठवत राहते. सगळं बिऱ्हाड घेऊन आपला वाडा भीमेकाठाला चालला आहे, पुढे मेंढरं, मागे आप्पांची तांबडी घोडी. तिच्या पाठीवर पाल, भांडी, दोन कोकरं, खुराड्यात कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर दोरीनं बांधलेला तू. मी खालून चालायचे आणि तुझा मला हेवा वाटायचा. हौशी त्या तांबडीच्या नातीची लेक. कपाळावरचा पांढरा टिळा तोच.

घशाला जप. आंबट खाऊ नकोस. पत्राची वाट बघते.

तुझी थोरली,
मथुराअक्का

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

होटगी
ता. २१ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
जोतिरामचा शि. सा. न. वि. वि.

घोंगडीचं वाचून मला हसू आवरेना आणि डॉक्टरांनी हसायचीही बंदी केली आहे. पोट धरून, आवाज न काढता हसलो. पूनमला वाटलं मला काही होतंय.

इथे शेजारी शांतम्मा म्हणून बाई आहेत, अक्कलकोटकडच्या. रोज ताकातली आंबील आणून देतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे हा म्हातारा जन्माचा मुका आहे, असा त्यांचा समज झाला. माझ्यासमोरच पूनमला विचारत होत्या की अज्जाचं लगीन कसं जमलं म्हणून. मी पाटीवर लिहिलं, मुका होतो म्हणूनच जमलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, नाहीतर आंबील बंद झाली असती.

दिवसभर गाड्या जातात. मी खिडकीत बसून मालगाडीचे डबे बघतो आणि मनात हाळी घालतो. आधी जिभेच्या दोन टिचक्या, मग खालून वर चढणारी लांब हेऽऽ, आणि शेवटी नाव. आप्पांनी मला ती भीमेच्या वाळवंटात शिकवली. आठ दिवस माझा आवाज फाटत होता. नवव्या दिवशी तांबडीनं पाण्यातून मान वर केली आणि सरळ माझ्याकडे आली. आप्पांनी डोक्यावरचा पटका काढून माझ्या डोक्यावर ठेवला. तो माझ्या नाकापर्यंत आला होता.

परवा गुरुवारी डॉक्टर बोलून बघायला सांगणार आहेत. अक्का, तुला म्हणून लिहितो, मला भीती वाटते. मला कुणाशी फार बोलायचं नसतं. बायको गेल्यापासून तर दिवसाकाठी माझी चार वाक्यं होत असतील, त्यातली तीन घोडीशी. पण दुसराच आवाज निघाला आणि तिनं ओळखलं नाही, तर मी घरी कुणासाठी जायचं?

देवाला हात जोड. उत्तर धाड.

तुझा,
जोतिराम

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

हिंगणमाळ
ता. २७ जानेवारी २०२५

चि. जोतिरामास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. गुरुवारी काय झालं ते अजून मला कळलेलं नाही. कळायच्या आधीच एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर माझ्या घशातही गाठ होईल.

तुला ऑपरेशनला आत नेलं त्या सकाळी मी इथं एकटी होते. गाठ वाईट निघाली तर तो बोलायचा नाही, आणि फार दिवस राहायचाही नाही, असं अजिंक्य जाताना चिमाबाईला म्हणाला होता. मला ऐकू येत नाही असं समजून लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. ओठ हललेले मला कळतात. मी उठले आणि पहिली एस.टी. धरून वडाच्या खडकीला गेले. बिरोबाच्या पायरीवर डोकं टेकलं आणि नवस बोलले. जोत्या बोलता झाला तर हौशी तुझी.

माझं काय देणार होते मी? म्हैस दिली असती, पण देवाला मन कळतं. म्हैस गेली म्हणून मला रडू आलं नसतं. तुझ्या जिवाच्या बदल्यात तोलायचं तर तुझ्या जिवाचंच काहीतरी हवं, असं त्या वेळी वाटलं. पायरीवरून उठले तेव्हा हलकी झाले होते. घरी आले, घोडीनं माझ्याकडे बघितलं, आणि मग कळलं मी काय करून बसले ते.

देवाला दिलेल्या जनावराचं काय होतं, ते तुला सांगायला नको. पुजारी भंडारा लावून नाव उतरवतो. मग ते देवाच्या माळावर राहतं आणि घरच्यानं त्याला पुन्हा हाक मारायची नाही, नावानं नाही आणि हाळीनंही नाही. आप्पांनी तांबडीला देवाला सोडलं तेव्हा तू सहा महिन्यांनी जत्रेत तिला हाक मारलीस आणि आप्पांनी आयुष्यात एकदाच तुला मारलं. नंतर ते स्वतः रथामागे जाऊन रडले. मी बघितलं होतं.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी चुकलेली,
अक्का

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

होटगी
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
जोतिरामचा शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्याच्या घोडीवर नवस बोलणारी बाई मी पासष्ट वर्षांत पहिली बघितली. अगं, निदान अजिंक्यची मोटरसायकल तरी बोलायचीस. देवालाही बरं पडलं असतं, कडबा लागला नसता.

दोन दिवस मी चिडलो होतो. पाटीवर तुझ्याबद्दल जे लिहिलं ते पूनमनं वाचायच्या आत पुसलं. मग तुझं पत्र पुन्हा काढलं आणि पायरीवर डोकं टेकून बसलेली तू दिसलीस, सत्तरीची, एकटी, पहिल्या एस.टी.नं गेलेली. राग कुठे गेला कळलं नाही. माझ्यासाठी असा खुळा नवस बोलणारं आता दुसरं आहे तरी कोण?

तू काळजी करू नकोस. आवाज अजून फुटलेला नाही. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. कदाचित येणारही नाही. म्हणजे नवस पुरा व्हायचा प्रश्नच नाही. हौशीला बारीक कडबा देत राहा आणि घोंगडी धुऊ नकोस, वास जाईल.

मुकेपण वाईट नसतं, अक्का. सवय होते.

तुझा,
जोतिराम

---

॥ श्री ॥

होटगी
ता. १४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
पूनमचा कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र दादांना न सांगता लिहिते आहे. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर हसू नका.

आत्या, दादांचा घसा पूर्ण बरा झाला आहे. २३ तारखेलाच डॉक्टरांनी सांगितलं की आता हळूहळू बोला. त्या दिवशी दवाखान्यात ते बोललेही. आवाज जरा घोगरा, पण स्वच्छ. मला म्हणाले, पूने, चहा पाज. मी बाहेर येऊन यांना फोन करून रडले. चिमाबाईंनाही कळवणार होते, पण दादा म्हणाले, अक्काला मीच लिहितो. पुढचा आठवडाभर थोडं थोडं बोलत होते. मग तुमचं एक पत्र आलं आणि त्या दिवसापासून पुन्हा पाटी. डॉक्टरांना वाटतं मनात काही धसका बसलाय.

काल शांतम्मा म्हणाल्या, अज्जा बोलतंय की, मागं शेळीसंगट रोज बोलतंय. मी लपून बघितलं. क्वार्टरच्या मागे त्यांच्या शेळ्या बांधलेल्या असतात. दादा इकडे तिकडे बघून एका शेळीच्या कानात काहीतरी सांगत होते. मला बघितल्यावर त्यांनी एवढी मान खाली घातली की मीच लाजले.

त्या पत्रात तुम्ही काय लिहिलं होतं? ते पत्र ते उशीच्या अभ्र्यात ठेवतात. मी वाचलं नाही. तुम्हीच काहीतरी करा.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
पूनम

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

हिंगणमाळ
ता. २३ फेब्रुवारी २०२५

चि. जोतिरामास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लबाडा, पूनमनं मला सगळं कळवलं आहे. तिला रागावू नकोस. तुझं मुकेपण कशानं लांबलं हे तिला कळलं नाही, मला पहिल्या ओळीला कळलं. लहानपणी कोकरू विकायला काढलं की तू त्याला बाजरीच्या कणगीमागे लपवायचास आणि मी न्हाय बघितलं म्हणायचास. पासष्टीला आलास तरी तोच.

मी लगेच खडकीला गेले. निंगप्पा पुजाऱ्याला सगळं सांगितलं, तुझी लबाडीही सांगितली. तो हसला. म्हणाला, अक्का, नवस जनावराचा आसला तरी पितळंचा घोडा करून वाह्यला तर चालतंय, लई जण करत्यात, देव काय तराजू घिऊन बसला न्हाय. मी आनंदानं परत आले. मोहोळच्या तांबटाकडे घोडा सांगायचा आणि मग तुला लिहायचं असं ठरवलं होतं.

त्यातच परवाचा दिवस उजाडला. शुक्रवारी दुपारी हौशी पोटदुखीनं खाली पडली. घाम फुटला, पोटाकडे बघून पाय झाडायला लागली. गुरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली. ते म्हणाले, हिला उठवून चालवा, पडून राहिली तर आतडं पिळेल. आम्ही सहा जणांनी ढकललं, दोरी लावली, मी घोंगडी घेऊन गेले. तिनं डोळे मिटून घेतले. मला दुसरं काही सुचलं नाही. चिमाबाईकडून फोन लावून घेतला, तो मोठ्या आवाजात करायला लावला आणि घोडीच्या कानाशी धरला. तिकडे कोण आहे, काय बोलतं आहे, मला काही ऐकू येत नव्हतं. मी नुसती ओरडत होते की जोत्या, हाळी घाल, ती चालली.

जोतिराम, मला तुझा आवाज ऐकू आला नाही. मी तिचे कान बघत होते. आधी एक कान हलला. मग दोन्ही ताठ झाले आणि फोनकडे वळले. मग तिनं पुढचे पाय रोवले आणि उठली. मी चिमाबाईकडे बघितलं, तर ती पदरानं डोळे पुसत होती. तेव्हा मला कळलं तुझा आवाज कसा आहे ते.

आता ती बरी आहे, खाते आहे. पितळेच्या घोड्याचं लवकर कळव. मोहोळचा तांबट विचारतो, खोगिराचा करायचा की बिनखोगिराचा.

तुझी,
अक्का

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

होटगी
ता. १ मार्च २०२५

ती. अक्कास,
जोतिरामचा शि. सा. न. वि. वि.

पूनमनं फोन माझ्यापुढे धरला तेव्हा मी सवयीनं पाटी हातात घेतली. तुझं ओरडणं ऐकू येत होतं, आणि त्याच्यामागे तिचा श्वास. पाटी घोडीला वाचता येत नाही. मी फेकून दिली आणि हाळी घातली. शांतम्मांच्या शेळ्या उभ्या राहिल्या, स्टेशनवरचे लोक वळून बघायला लागले. घोगरी निघाली, पण अक्का, ती माझी नव्हतीच. आप्पांची होती. म्हातारपणी त्यांचा आवाज असाच झाला होता.

पितळेचा घोडा करू नकोस. तांबटाला नको म्हणून सांग. देव तो घेईलही, देव भला आहे. पण तू पायरीवर पितळ बोलली नव्हतीस. आणि मी त्याला तीन आठवडे फसवलं. त्यानं दिलेला आवाज त्याच्यापासूनच लपवून शेळ्यांना दिला. तरीही ऐन वेळी त्यानं तो माझ्या घशात ठेवला. हाळी घालायच्या आधी मला पुरतं ठाऊक होतं की ही ऐकली तर ती उठेल, आणि उठली तर द्यावी लागेल. सौदा मी डोळे उघडे ठेवून केला आहे. तू त्याचं ओझं वाहू नकोस.

मला फार वाईट वाटतं आहे, हे मात्र लपवत नाही.

पुढच्या मंगळवारी श्रीमंतराव मला घेऊन येतील. येत्या नऊ तारखेला रविवार आहे, देवाचा वार. मी तिला चालवत नेणार, टेम्पो नको. आठ मैल आम्ही दोघं बोलत जाऊ. तू एस.टी.नं पुढे ये.

तुझा,
जोतिराम

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

हिंगणमाळ
पाडवा, ता. ३० मार्च २०२५

ती. अक्कास,
जोतिरामचा शि. सा. न. वि. वि.

तू मोडनिंबला सुखरूप पोचलीस, सुनेनं घर नीट ठेवलं आहे आणि तेच तुला खटकतं आहे, हे वाचून बरं वाटलं. मी गुढी उभारली. कडुनिंब खाताना घसा दुखला नाही. आता आवाज आहे, फोनही आहे, पण तुझा कान काही सुधारला नाही, तेव्हा पत्रं चालूच राहतील.

घर फार मोठं वाटतं. सकाळी मी उठतो आणि बादली भरतो. भरल्यावर आठवतं. मग ते पाणी शेवग्याला घालतो. शेवग्याला यंदा शेंगा चांगल्या येतील.

काल अमावास्या होती. नारळ घेऊन खडकीला गेलो. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. निंगप्पानं तिच्या कपाळाला भंडारा लावून नाव उतरवलं, तेव्हा तू पदर तोंडात धरला होतास आणि मी देवळाचे दगड मोजत होतो. काल तसं काही झालं नाही. देवाला नारळ फोडला आणि तळ्याकाठच्या दगडावर जाऊन बसलो. ती लांब बाभळीखाली चरत होती, माझ्याकडे पाठ करून. अंगावर मांस चढलं आहे.

हाळी ओठापर्यंत आली होती. जिभेची एक टिचकी तर निसटायचीच बाकी होती. मी तोंड मिटून घट्ट बसलो. डॉक्टरांनी शिकवलेली विद्या अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. तासभर गेला असेल. मग तिनं मान वर केली. वारा माझ्याकडून तिच्याकडे होता, आणि अंगावरची घोंगडी मी धुतलेली नाही. ती चरत चरत जवळ आली, जणू माझं काही कामच नाही तिला. शेवटची चार पावलं मात्र झपाझप टाकली आणि नाक माझ्या खांद्यावर ठेवलं.

मला वाटलं निंगप्पा ओरडणार. तो देवळाच्या दारात उभा होता. त्यानं विचारलं, हाक मारली न्हाय न्हवं? मी मान हलवली. तो म्हणाला, मग ती तिच्या मर्जीनं आली, देवाची काय बी हरकत न्हाय. आणि पाण्यानं भरलेली बादली माझ्यापुढे ठेवून आत गेला.

अक्का, मी काही बोललो नाही. बादलीत हात बुडवून दाखवला, आणि ती प्याली.

थकलो आहे, इथेच थांबतो. तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे.

तुझा धाकटा,
जोतिराम